मशीन किती वाजता बंद होणार तेवढं सांगा

कोल्हापुरात आमचं घर रो हाऊसमधलं आहे. मागच्या बाजूला बाबांनी काढलेली पत्र्याची शेड आहे, आठ बाय बारा फुटांची, आणि त्या शेडची डावीकडची भिंत म्हणजेच शेजारच्यांच्या मागच्या खोलीची भिंत. नऊ इंची नाही, चार इंची. हे आधीच सांगून टाकते कारण शेडमध्ये मी लाकूडकाम करते, माझ्या मशीनचा आवाज शेजारी जातो, आणि पुढचं सगळं त्या चार इंचांवरच आहे.

बाबा शिरोली एमआयडीसीत पॅटर्न मेकर होते. फाउंड्रीत ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो दाबून वाळूत साचा काढतात आणि मग त्यात लोखंड ओततात, तो नमुना करायचं काम. लोखंड थंड होताना आक्रसतं म्हणून नमुना शंभराला एकच्या आसपास मोठा करावा लागतो आणि त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टी असते जिच्यावरचा इंच हा खऱ्या इंचापेक्षा थोडा मोठा असतो. लहानपणी मी त्या पट्टीने वहीत समास आखायचे आणि बाई म्हणायच्या समास चुकलाय. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. बाबा रिटायर झाल्यावर त्यांची हत्यारं शेडमध्ये आली, मग मी पण शिकायला लागले, आधी स्टूल, मग पुस्तकांचं कपाट, आणि मग दोन वर्षांत मशीनं आली. दहा इंची टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेली गोल करवत, कडा आणि खाचा कोरायचा राउटर, घासायचा सँडर, भुसा ओढायला व्हॅक्यूम आणि लाकूड रंधायचा एक छोटा प्लेनर. नोकरी असल्यामुळे वेळ रविवारचाच. सकाळी दहाला सुरू केलं की दुपारी दोनपर्यंत मी शेडमध्ये, आणि खरं सांगते, त्या चार तासांत बाहेर कोणाला काय ऐकू जातंय हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

शेजारचे दादा फाउंड्रीत भट्टीवर कामाला आहेत. आपल्याकडे उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा विजेच्या युनिटला बरीच वर्षं सूट मिळायची, त्यामुळे बऱ्याच फाउंड्र्यांत भट्टी रात्रीच लावतात, आणि दादांची पाळी कायम रात्रीची. सुट्टी सोमवारी. म्हणजे माझा रविवार हा त्यांचा झोपायचा दिवस. सकाळी साडेसातला घरी येऊन नऊच्या सुमारास झोपायचे ते दुपारी तीनला उठायचे. कुठे झोपायचे तर त्याच मागच्या खोलीत, कारण रस्त्याचा आवाज तिथे येत नाही.

वहिनींनी जवळजवळ वर्षभर काही म्हटलं नाही. मग एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना त्या म्हणाल्या, "ताई, ह्यांना झोपच लागंना झालीय रविवारची." एवढंच. तक्रारीचा सूर पण नव्हता. मी सॉरी म्हणून आत आले आणि बाबांना सांगितलं तर बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "भट्टीवरच्या माणसाची झोप मोडू नये." चौदाशे डिग्रीच्या वरचं वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेऊन साच्यापर्यंत न्यायचं, तिथे एक डुलकी लागली तर काय होतं हे बाबांनी बघितलंय. त्यांनी जास्त सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण तो रविवार मी मशीन लावलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी आवाज कमी करायचे उपाय शोधायला लागले आणि सगळ्यात आधी चुकीचं काम केलं. अंड्याचे ट्रे. ओळखीच्या दुकानातून महिनाभर ट्रे जमवले आणि ती भिंत पूर्ण मढवली. शेडमधला घुमणारा आवाज थोडा सौम्य झाला, मला बरं वाटलं, मी आनंदाने वहिनींना विचारलं फरक पडला का, त्या म्हणाल्या न्हाई ओ. घुमणं कमी करणं आणि आवाज पलीकडे जाऊ न देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, मऊ हलक्या वस्तू पहिलं काम करतात, दुसऱ्याला वजन लागतं. वरनं लाकडाच्या भुश्याच्या खोलीत भिंतीला कागदाचा लगदा म्हणजे आगीला आमंत्रण. कोणी हे करत असेल तर कृपया काढून टाका.

मग बाबांनीच सुचवलं की तू पलीकडे जाऊन बस आणि मी मशीन चालवतो. सोमवारी दादांची सुट्टी होती, संध्याकाळी मी त्यांच्या मागच्या खोलीत खाटेवर बसले, दादा शेजारी खुर्चीत. बाबा ठरल्याप्रमाणे एक एक मशीन पाच पाच मिनिटं चालवत होते. मला वाटलं होतं टेबल सॉ सगळ्यात वाईट असेल. तसं नव्हतं. टेबल सॉचा आवाज येत होता, पण लांब कुठेतरी चालू असल्यासारखा. राउटर लावला आणि भिंतच गुणगुणायला लागली. मी हात लावून बघितला तर भिंत हाताला मुंग्या आल्यासारखी थरथरत होती आणि खाटेची लोखंडी चौकट पण. त्यानंतर व्हॅक्यूम, एकसारखा घूं घूं, जो सुरू झाला की संपतच नाही. आणि सगळ्यात जास्त मी दचकले ते बाबांनी लाकडी हातोड्याने पटाशीवर, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीवर, ठोकलं तेव्हा. ते हत्यार मी आवाज न करणारं समजत होते! रविवारी मशीन बंद ठेवून मी तेच तर करत होते.

कारण कळायला वेळ लागला नाही. माझं बेंच मी त्याच भिंतीत ब्रॅकेट ठोकून बसवलेलं होतं. बेंच म्हणजे भिंतीचाच भाग झालेला, मी वर जे काही करेन ते सगळं थेट विटांमधून पलीकडे. हवेतून जाणाऱ्या आवाजाला भिंत अडवते, चार इंची असली तरी बऱ्यापैकी अडवते. पण थरथर थेट भिंतीतच घातली तर भिंतच स्पीकर होते.

त्या दिवशी दादा जे बोलले ते मी रोज आठवते. ते म्हणाले, "ताई, आवाजाचं एवढं न्हाई ओ, फाउंड्रीत ह्याच्यापेक्षा जास्त असतोय. पण कधी थांबतंय त्येचा अंदाजच लागत न्हाई. थांबलं म्हणून डोळा लागतोय की परत चालू. मशीन किती वाजता बंद होणार तेवढं सांगा, आमी त्या हिशोबानं झोपतो."

आता काय काय केलं ते सांगते, ज्याचा फायदा झाला ते आधी.

बेंच भिंतीतून काढलं. ब्रॅकेट काढून त्याला चार पाय लावले आणि भिंतीपासून पाच इंच लांब उभं केलं. पायांखाली रबर घातलं, पण इथे एक गंमत कळली. भंगारातून कन्व्हेअर बेल्टचे जाड तुकडे आणले होते, ते घालून फारसा फरक पडला नाही, कारण ते रबर कडक आणि माझं बेंच हलकं, वजनाने रबर दबलंच नाही तर ते थरथर शोषणार कसं. मग वॉशिंग मशीनखाली घालतात ते मऊ रबराचे पॅड आणले आणि बेंचच्या खालच्या फळीवर शहाबादी फरशीचे तुकडे रचले, साठेक किलो असतील. हा बदल दादांना न सांगता पहिल्याच दिवशी कळला. खर्च बघाल तर पाचशेच्या आतला. माझ्या मते शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या आवाजासाठी कोणाला शेडमध्ये एकच बदल करायचा असेल तर हा करावा, बाकी सगळे बदल नंतर.

दुसरं म्हणजे फटी. पत्र्याची शेड असली की भिंतीच्या वर पत्र्याची पन्हळं येतात आणि भिंत नि पत्रा यांच्यामध्ये लाटेसारख्या उघड्या जागा राहतात, चिमण्या आत येतात त्या. त्यातून आवाज सरळ वर जातो आणि शेजारच्या खिडकीतून आत येतो. भिंतीच्या शंभरात एक भाग जरी उघडा असला तरी ती भिंत कितीही जाड करा, आवाज एकूण वीस डेसिबलच्या आसपासच कमी होतो. त्यामुळे भिंतीवर खर्च करायच्या आधी फटी बुजवायच्या. आम्ही विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल घालून पन्हळं बंद केली, दाराला खालून रबराची पट्टी लावली. शेजारच्या बाजूची खिडकी मी कायमची बंद केली आणि दुसऱ्या बाजूला, जिकडे रिकामा प्लॉट आहे तिकडे, जाळीची खिडकी काढली. हवा लागतेच. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली काय होतं ते मला विचारा.

व्हॅक्यूमला पेटी केली. अठरा एमएम प्लायची, आतून आजीची जुनी वाकळ फाडून लावली, आणि हवा बाहेर जायला सरळ भोक न ठेवता आत दोन आडव्या फळ्या घालून नागमोडी वाट ठेवली. हवा वळणं घेत जाते, आवाज प्रत्येक वळणाला वाकळीत मुरतो. पण पेटीत मोटर तापते हे लक्षात ठेवावं लागतं, मी वीस मिनिटांवर चालवत नाही आणि मध्ये झाकण उघडून हात लावून बघते. कापड आहे, मोटर आहे, भुसा आहे, त्यामुळे पेटी बंद करून मी कधीच जेवायला जात नाही.

प्लेनर विकला. हा निर्णय घ्यायला मला तीन महिने लागले. फोनवरच्या अ‍ॅपवर मोजलं तेव्हा प्लेनर जवळपास शंभर डेसिबलला जायचा, राउटर पंच्याण्णवच्या आसपास, सँडर पंच्याऐंशी. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण एकाच फोनने एकाच जागेवरून मोजलं तर कोण किती वरचढ हे कळतं. आणि डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नाही, दहाने वाढला म्हणजे आवाजाची ताकद दहा पट झाली. त्या छोट्या प्लेनरची मोटर ब्रशवाली, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला कार्बनचे ब्रश घासतात ती, मिनिटाला हजारो फेऱ्यांवर किंचाळत फिरणारी, त्यात पाती लाकडावर आपटणार, त्याला काही उपायच नव्हता. आता मी सागवान घेतानाच वखारीत रंधून आणते, जाडी दोन एमएम जास्त ठेवायला सांगते आणि ते शेवटचे दोन एमएम बाबांच्या रंध्याने काढते. रंध्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही, दादांना विचारून खात्री केलीय. आणि रंधा मारलेल्या सागवानावर जी चमक येते ती त्या मशीनने मला कधीच मिळाली नव्हती.

टेबल सॉचं पातं. बोथट आणि राळ चिकटलेलं पातं जास्त ओरडतं, मोटरवर पण ताण येतो. आता दर महिन्याला पातं काढून साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासते, आणि नवीन घेताना कडेला बारीक नागमोडी चिरा असलेलं घेतलं, त्या चिरांमुळे पातं घंटेसारखं वाजत नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फरक कशाने पडला तर कागद-पेन्सिलने. आधी मी एक तुकडा कापायचे, लावून बघायचे, परत मशीन सुरू, परत एक तुकडा. मशीन चार तासांत पन्नास वेळा चालू-बंद. दादा म्हणत होते ते हेच. आता आठवडाभर रात्री जेवणानंतर मी सगळी मापं काढते, प्रत्येक तुकड्याची यादी, कुठला कट कुठल्या सेटिंगवर, आणि लाकडावर आधीच खुणा करून क्रमाने रचून ठेवते. मग शनिवारी संध्याकाळी पाचला मशीन सुरू, तोपर्यंत दादा उठलेले असतात, आणि सलग कापून पाऊण तासात बंद. जे काम पसरून चार तास चालायचं त्यात मशीन प्रत्यक्षात चालायची गरज चाळीस मिनिटांची होती हे लिहून काढल्यावर कळलं. राउटरचं पण तसंच. आणि पटाशीने खाच पाडणं, खिळे ठोकणं हे सुद्धा आता मशीनच्याच वेळेत, रविवारी सकाळी फक्त रंधा, पॉलिश पेपर हाताने, चिकटवणं आणि क्लॅम्प लावणं. क्लॅम्प खाली फरशीवर पडू नयेत म्हणून खाली पोतं.

गेटवर बाबांची एक पाटी आहे, त्यावर खडूने लिहिते, "आज मशीन ५ ते ५.४५". आणि पाच पंचेचाळीसला बंद म्हणजे बंद, एक कट राहिला असला तरी. एकदा शेवटचा एकच तुकडा राहिला म्हणून मी सहापर्यंत ओढलं तर बाबांनी येऊन स्विच बंद केला. तेव्हा राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं, त्या पाटीवर विश्वास असेल तरच ती पाटी.

पाटीमुळे आणखी एक झालं, उजवीकडच्या आजीपण बोलायला लागल्या. त्यांचा त्रास आवाजाचा नव्हताच, उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे वाळत घातले की माझा भुसा उडून त्यावर बसायचा. मला माहीतच नव्हतं. आता त्यांचं वाळवण असेल त्या दिवशी सँडर बंद. आणि समोरच्यांच्या मुलीची बारावी होती तेव्हा फेब्रुवारी-मार्च मी मशीनला हातच लावला नाही, दोन महिने नुसता रंधा आणि हातकरवत. त्या दोन महिन्यांत मी जपानी पद्धतीची ओढून कापायची करवत वापरून एक छोटं टेबल पूर्ण केलं, ते आज हॉलमध्ये आहे.

कोणीतरी मला म्हणालं की कायद्याने दिवसा सकाळी सहा ते रात्री दहा तुला कोण काय बोलणार. मी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचले. त्यात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि दिवस म्हणजे सहा ते दहा. म्हणजे दिवसाही मोकळं रान नाहीच, ५५ म्हणजे साधं बोलण्याच्या आवाजाच्या पुढे मागे. पण मला जास्त खटकलं ते हे की ज्याची रात्र दिवसा असते त्याच्यासाठी त्या तक्त्यात जागाच नाही. कोल्हापुरात, इचलकरंजीत, पिंपरी-चिंचवडला, सगळीकडे पाळीवर जाणारी हजारो माणसं दुपारी झोपतात. त्यांचा विचार शेजारच्यांनीच करायचा.

आता कानाबद्दल, कारण शेजाऱ्यांच्या आधी आवाज आपल्या कानात जातो. बाबांना आता कुकरची शिट्टी दुसऱ्या खोलीतून ऐकू येत नाही. माझा आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, "सहा" आणि "दहा" यात गोंधळ होतो, टीव्ही इतका मोठा लागतो की आई उठून जाते. त्यांच्या वेळी बँड सॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीवर, कोणी कानाला काही लावायचं नाही, फार तर कापूस. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशोब असा आहे की दिवसभरात उघड्या कानांनी ८५ डेसिबलला फार तर आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि शंभरला फक्त पंधरा मिनिटं. मी त्या प्लेनरवर दोन दोन तास घालवलेत, सुरुवातीला उघड्या कानांनी. आता कान झाकणारा मफ लावल्याशिवाय मी स्विचला हात लावत नाही, सँडरलासुद्धा नाही, आणि शेडच्या दाराशी दुसरा मफ टांगलेला असतो, बाबा आले की आधी तो. त्यांना म्हणते जेवढं उरलंय तेवढं राहू दे.

एक राहिलं, पाऊस. जून-जुलैमध्ये कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेडमध्ये माझं मलाच बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा वहिनी म्हणतात राउटर चालू होता का, आमाला कळलंच न्हाई. त्यामुळे राउटरचं जड काम मी पावसाळ्यासाठी राखून ठेवते. फक्त लाकूड तेव्हा ओल धरून फुगतं, म्हणून मापं सैल ठेवायची आणि शेवटची जोडणी दिवाळीनंतर करायची.

सध्या एक जुना बँड सॉ बघितलाय, बाबांच्या ओळखीतल्या एका पॅटर्न शॉपचा, एक हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. अशा मोटरला ब्रश नसतात, ती किंचाळत नाही, नुसती घुमते. मालक म्हणाले आठ दिवस घरी लावून बघा, नाही जमलं तर परत आणा. टेंपो गुरुवारी येतोय. बेंचच्या जागेपासून लांब, रिकाम्या प्लॉटच्या बाजूला त्याची जागा केलीय, खाली पॅड आणि फरशी तयार आहे, बँड सॉ जड असल्यामुळे इथे तो कन्व्हेअर बेल्ट पण उपयोगी पडेल असं बाबांचं मत आहे. सोमवारी संध्याकाळी बाबा मशीन चालवणार आणि मी नि दादा पलीकडे त्या खाटेवर बसणार. वहिनी म्हणाल्या मी पण बसते, चहा करते. दादा नाही म्हणाले तर टेंपो परत.